पांढरी काठी घेतलेला पुरुष

मोबाइलमध्ये इमोजी नावाची जी चिमुकली चित्रं असतात, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न गाळता, वाचून काढलेला माणूस या भूतलावर एकच असेल आणि तो म्हणजे माझे अकोल्याचे साडू. आपण सगळे त्या गर्दीतून दोन जोडलेले हात, एक गुलाब आणि एक हसरा चेहरा उचलतो आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. साडूंनी मात्र झेंडे, भाज्या, वाद्यं, ढग आणि नऊ तऱ्हेच्या मांजरी अशा सगळ्यांची हजेरी घेतलेली आहे. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, एवढं सोडलं तर या विषयातला त्यांच्या तोडीचा जाणकार अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत सापडणार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. पंचविशीत त्यांची नजर कडेकडेनं कमी होत गेली आणि तिशीला पुरती गेली. पुढची सारी नोकरी त्यांनी एका बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे, माइकसमोर बसून काढली. बाळापूरची गाडी लागली की परतवाड्याची, हे ते इंजिनाच्या धापेवरून ओळखत आणि आतून कागद यायच्या आधीच घोषणा करून मोकळे होत. निवृत्तीनंतर खिडकी सुटली पण घोषणा काही सुटली नाही. मी अमरावतीहून गेलो की तिसऱ्या पायरीवर असतानाच आतून दणदणीत आवाज येतो, "अमरावतीवरून येणारे मास्तर दारात लागत आहेत, पाण्याच्या तांब्यानं तयार राहावं!" मी शाळेत चित्रकला शिकवत असे, म्हणून सगळ्या सासुरवाडीत मी मास्तर. चपलांच्या आवाजावरून ते माणूस ओळखतात. एकदा त्यांनी जाहीर केलं, "मास्तर आले, पण कोनाच्या तरी चपला घालून आले." पाहतो तो खरंच, आदल्या दिवशी मंगल कार्यालयातून मी भलत्याच माणसाच्या चपला घालून निघालो होतो.

त्यांची एकुलती एक मुलगी मीनल औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिनं त्यांना बोलणारा फोन घेऊन दिला आणि आमच्या परिवाराच्या ग्रुपवरची सुखशांती संपली. या फोनात एक बाई राहते. साडू तिला नुसतं 'बाई' म्हणतात. पडद्यावर जे असेल ते ती वाचून दाखवते आणि चित्र आलं तर त्याचं नाव उच्चारते. आपल्याला जिथे पाच गुलाब दिसतात तिथे ती पाच वेळा 'गुलाब' म्हणते, न दमता, न हसता. साडू तिला इतक्या वेगात बोलायला लावतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आत फोडणी तडतडतेय. त्यांना मात्र त्यातलं अक्षर न् अक्षर कळतं. अचलपूरच्या आत्याबाईंनी वाढदिवसाला फुलं पाठवली तेव्हा यांनी लगेच फोन लावला, "आत्याबाई, सतरा गुलाब भेटले. पयल्याच गुलाबात तुमची भावना पोचली होती जी. बाकीचे सोळा दुसऱ्या कोनाले द्या."

आणि हे नुसतं मोजण्यापुरतं नव्हतं. नात्यातले एक काका वारले तेव्हा ग्रुपवर श्रद्धांजलीच्या खाली एक रडका चेहरा रांगेनं पडू लागला. गालांवरून घळाघळा पाणी वाहणारा तो चेहरा आम्हाला मोठा समर्पक वाटला. मीही एक टाकला. दहाव्या मिनिटाला साडूंचा आवाज आला, "ज्याईनं ज्याईनं काकाच्या जाण्यावर हासू हासू डोळे पुसले, त्याईनं आपापले चेहरे वापस घ्यावे. बाई सांगून राह्यली, हे आनंदाचे अश्रू हायेत." बावन्न माणसांनी चष्मे लावून पाहिलेलं ते चित्र पहिल्यांदा नीट वाचलं ते साडूंनी. अकरा जणांनी मुकाट्यानं आपले अश्रू मागे घेतले, त्यात मी एक.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की हा सगळा मुलूखच एकदा नीट तपासायचा. झोपाळ्यावर बसून, बोट सरकवत सरकवत, चार दिवस ते ती यादी ऐकत होते. पाचव्या दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला. "मास्तर, मी सापडलो!"

"भाऊ, तुमी हरपले कधी होते?" मी घाबरून विचारलं.

"हरपलो नोतो. यादीत सापडलो. पोहणारा झाला, सायकलवाला झाला, मंग बाई म्हणे, पांढरी काठी घेतलेला पुरुष. मी फोन खाली ठेवला. म्हटलं दोन मिनिटं बसू द्या मले." मग म्हणाले, "बाई नुसतं नाव सांगते. तुमी ड्राइंग शिकवलं ना, मंग सांगा, कसा दिसतो मी?"

मी भिंग शोधलं. चहाच्या आधी पेन्शनर माणसाला जितकं दिसतं तितकं सांगितलं. माणूस आहे, उभा आहे, हातात काठी आहे, डोळ्याला काळा चष्मा आहे. केस आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दाट आहेत. साडूंच्या डोक्यावर लग्नाआधीपासून एकही केस नाही. ते म्हणाले, "मंग थो मी लय अगोदरचा हाये." मग शर्टाचा रंग विचारला. माझ्या फोनात एक निघाला, बायकोच्या फोनात दुसराच. "म्हणजे कपडे बदलतो, चांगला माणूस हाये," असा शेरा मारून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवसापासून साडूंच्या प्रत्येक निरोपाखाली सहीसारखा तो माणूस येऊ लागला. आणि परिवारालाही एक नवं चित्र मिळालं, म्हणजे ते चुकीच्या जागी वापरायला सगळे मोकळे झाले. एका मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर चौघांनी 'लवकर बऱ्या व्हा' म्हणून तोच माणूस पाठवला. साडू कडाडले, "ते टेकाची काठी वेगळी, आमची वेगळी! हे काठी आंग टाकाले नाही, हे वाट विचाराची काठी हाये." एका भाच्यानं खड्ड्यांच्या रस्त्याचा फोटो टाकून, नगरपालिकेचा कारभार कसा आंधळा चाललाय हे दाखवायला खाली हाच माणूस लावला. त्याला उत्तर मिळालं, "खड्डा मले बराबर समजते. रोज त्याच्यातून काठी घालून जातो. ज्याले समजत नाही त्याच्यासाठी दुसरं चित्र पाय." पूर्वी हाच भाचा साडूंचा उल्लेख करताना गॉगलवाला पिवळा चेहरा टाकत असे. तो तर त्यांनी केव्हाच बंद पाडला होता. "थो पोरगा मॅटिनी पाहून आला हाये. माया त्याच्याशी काही संबंध नाही," असं म्हणून.

बायकांनी आपापसात ठरवून दोन डोळ्यांचं चित्र ग्रुपवर वापरणंच सोडलं होतं, उगाच त्यांना वाईट वाटायला नको. हे कसं कोण जाणे त्यांच्या कानावर गेलं. तेव्हा ते जितके दुखावले तितके कधीच दुखावले नव्हते. "मी काल मॅच पायली, परवा सर्कस पायली, आयुष्यभर पाहूनच राह्यलो, अन् मायासाठी तुमी डोळे बंद करून ठेवले? पाठवा, डोळे पाठवा!" मग त्या दिवशी त्यांना ग्रुपवर इतके डोळे आले की फोनातली बाई अर्धा तास दुसरं काही बोलू शकली नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मीनलच्या लग्नाचं बघू लागले तेव्हा मात्र त्या चित्राचं ओझं झालं. मुलगी हुशार, कमावती, गोड. तीन ठिकाणांहून बोलणी आली आणि तिन्ही ठिकाणी वडिलांबद्दल कळताच पत्रिका जुळेनाशी झाली. मीनलचे डोळे मोठ्या डॉक्टरांनी तपासून ठणठणीत असल्याचं लिहून दिलं होतं, पण तो कागद कोणी हातातही घेतला नाही. "आजकालच्या पत्रिकाईत शनी-मंगळ नाही येत, माये डोळे येतात," असं साडू म्हणत आणि हसत. ताई हसत नसत.

मग दर्यापूरचं स्थळ आलं. मुलगा माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला, वडील कपाशी-सोयाबीनचे शेतकरी. आमच्याकडे मुलीची माहिती सुंदर अक्षरात कागदावर लिहून देण्याचं काम पिढीजात माझं. त्या कागदाचा फोटो काढून तो पाठवायचा, अशी पद्धत. मी अकोल्याला जाऊन बसलो. साडूंची एकच अट होती, वडिलांच्या नावाशेजारी काठीवाला माणूस हवा. "ज्याले चालते थो येईन. दारात येऊन मंग थबकन, तसा पाहुणा मले नको." मी पेन्सिलीनं तो माणूस काढलाही. साडू आंघोळीला गेले तशा ताई स्वयंपाकघरातून आल्या, कागदाकडे पाहत उभ्या राहिल्या.

"मास्तर, तेवढं नका ठेवू," त्या म्हणाल्या. "एकदा पोरीले पाहून तर जाऊ द्या लोकाईले. डोळ्यासमोर पोरगी आली की मंग सांगू सगळं." त्यांचा पदर डोळ्यांशी गेला. मी रबर घेतलं आणि पुसून टाकलं. नीट, डाग न राहता, वर्गात पोरांना शिकवायचो तसं. फोटो काढून दर्यापूरला धाडला आणि मीनलला दाखवायचंही टाळलं. फोटो म्हटला की फोनातली बाई 'फोटो' एवढंच म्हणते, आत काय आहे ते तिला कळत नाही. ओल्या डोक्यानं बाहेर येऊन साडूंनी विचारलं, "माया माणूस बराबर बसला नं नावाजवळ?" मी म्हटलं, "एकदम बराबर, भाऊ." इतकं सरळ खोटं मी त्याआधी फक्त शाळा तपासणीच्या वेळी बोललो होतो.

दोनच दिवसांत दर्यापूरचा होकार आला, रविवारी सकाळी पाहायला येतो म्हणून. साडूंचा आनंद पाहवेना. "पाहा, माहीत असून येऊन राह्यले! माणसं जिगरवाली हायेत," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. ताईंचा बेत होता की साडूंनी कोपऱ्यातल्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसून राहायचं आणि पोहे होईपर्यंत उठायचं नाही. साडूंना हा बेत कोणी सांगितलाच नाही, सांगणार तरी काय म्हणून? रविवारी दोनदा दाढी करून, काठी घेऊन, ते फाटकात जाऊन उभे राहिले. मी आणि ताई खिडकीत एकमेकांकडे न पाहता उभे.

जीप थांबली. मुलगा, त्याची आई आणि वडील उतरले. वडील भरदार अंगाचे, मिशीवाले. उन्हाबद्दल, रस्त्याबद्दल काहीतरी बोलत, हसत ते फाटकाशी आले आणि त्यांची नजर काठीवर पडली. तिघंही एकदम गप्प झाले. त्या शांततेत साडूंचा आवाज घुमला, "दर्यापूरवरून येणारे पाहुणे अकोल्यात पोचले आहेत, यजमानांनी त्यांचं स्वागत करावं!" कोणी हसलं नाही. साडू काठीनं वाट दाखवत त्यांना आत घेऊन आले, बसवलं आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, "कागदावर माया चित्र पायलंच असन तुमी. काठीवालं."

ताईंनी पाण्याचा ट्रे घाईघाईनं पुढे केला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. मुलाच्या वडिलांनी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मला वाटलं आता उठतात. पण ते घसा खाकरून इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "हो जी, पायलं नं! म्हणून तं आलो!"

पुढे सगळं रीतसर झालं. पोहे झाले, चहा झाला, मीनल आणि मुलगा व्हरांड्यात अर्धा तास बोलले, आणि 'कळवतो' असं म्हणून पाहुणे गेले. जीप वळणाआड गेली तशी ताईंनी देवापुढे साखर ठेवली. मी सुटकेचा श्वास सोडला. साडू झोपाळ्यावर बसले आणि काठीची घडी करत म्हणाले, "मास्तर, तुमी मले पुसलं."

मी पुन्हा कॅलेंडराकडे वळलो.

"ज्याले माहीत असते थो माणूस मायाशी वरडून बोलते," ते शांतपणे म्हणाले. "मले दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसन, असं वाटते लोकाईले. हे फाटकापावतर साध्या आवाजात बोलत आले, मंग चूप झाले, अन् मंग वरडले. म्हणजे फाटकात समजलं त्याईले." त्यांना संताप आलेला नव्हता, तो आला असता तर मला सोपं गेलं असतं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. चाळीस वर्षं मी मुलांना नीट बघा, नीट बघा म्हणत आलो, आणि माझ्याच हातानं एक जिवंत माणूस कागदावरून खरडून काढला होता.

"पण थो बुवा मायासाठी खोटं बोलला," साडू पुढे म्हणाले. "बायकोपोराच्या समोर बोलला. मले माणूस पटला. आता तुमी थो कागद काढा, माया चित्र काढा, शाईनं काढा, अन् पाठवा त्याईले."

ताई देवापासून धावत आल्या. "काहून आता? हो म्हटलं नं त्याईनं! झालं गेलं काहून उकरता?"

"तोंडावर हो म्हटलं. घरी जाऊन थे पोराची माय का म्हणन? पोरीच्या घरचे लपवतात म्हणन. आपल्या मीनलले तिथं नांदाचं हाये. लपवलेल्या बापाची पोरगी म्हणून नांदवू तिले?"

मीनल दारात उभी होती. तिला सगळं तेव्हाच कळलं. ती वडिलांजवळ जाऊन झोपाळ्यावर बसली आणि आईकडे पाहत राहिली. ताईंनी पदर खोचला आणि त्या मला म्हणाल्या, "पाठवा, मास्तर." मी शाईनं काठीवाला माणूस काढला. त्याच्याखाली लिहिलं, 'हे चित्र होतं. मी पुसलं. चूक माझी.' आणि फोटो पाठवून दिला.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर येईना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. साडू झोपाळ्याला पायानं झोका देत होते. त्या घरात मी पहिल्यांदाच इतका वेळ घोषणेवाचून काढला. ताईंनी देवापुढची साखर उचलून पुन्हा डब्यात टाकली. पंचविसाव्या मिनिटाला माझा फोन वाजला. शब्द एकही नव्हता, दोन चित्रं होती. मी ती साडूंच्या फोनवर पाठवली, आणि बाई आपल्या सपाट आवाजात म्हणाली, "शेतकरी पुरुष. पांढरी काठी घेतलेला पुरुष."

पुढे साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी आम्हाला कळलं की त्या गृहस्थांनी मधे रस्त्यात जीप थांबवून, बापलेकांनी मिळून, तो काठीवाला शोधून काढला होता. चित्रं आली त्या घडीला मात्र हे कोणालाच ठाऊक नव्हतं. साडूंनी विचारलं, "दोघं बाजूबाजूनं उभे हायेत का?"

मी भिंग लावलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला दिसलं की तो माणूस उभा नाहीच. एक पाय पुढे पडलेला आहे, काठी त्याच्याही पुढे गेलेली आहे. "भाऊ, तुमचा माणूस चालून राह्यला," मी म्हटलं.

"चालून राह्यला?" ते ताडकन उठले. "कोनीकडे?"

"शेतकऱ्याकडे. तोंड तिकडेच आहे त्याचं. शेतकरी नुसता छातीपर्यंत आहे, त्याला पाय काढलेले नाहीत."

साडू खळखळून हसले, तसे आम्ही त्यांना पुन्हा हसताना पाहून सगळेच हसलो, ताईसुद्धा, रडता रडता. "मंग बराबर हाये," ते म्हणाले. "थे येऊ शकत नाहीत. पोरीच्या बापालेच जा लागते."

मीनल दर्यापूरला गेली त्याला आता सात महिने झाले. साडू महिन्यातून एकदाच तिच्याकडे जातात, रोज गाडी असते तरी. मुलीच्या घरी बापानं सारखं जाऊ नये, असं त्यांचं मत आहे. परवा मी अकोल्याला गेलो तर संध्याकाळी ते झोपाळ्यावर फोन हातात घेऊन बसले होते. बाई गप्प होती. मी विचारलं, "भाऊ, मीनलले काही पाठवून राह्यले का?"

"नाही. पाठवासारखं चित्रच नाही त्याच्यात," ते म्हणाले. "मंग मी फोन लावतो. थे म्हणते, बाबा बोला. मी म्हणतो, तू बोल. मंग आमी दोघंही थोडा वेळ काहीच बोलत नाही."

एवढं बोलून त्यांनी फोन कानाला लावला, आणि मी उठून आत गेलो.